ज्याच्या घरातला द्वेष, त्यानेच काढायचा

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र मंजूर केलं. बाजूने २,२२१ मतं पडली, विरोधात ८८. त्यात म्हटलं होतं, येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट ठेवता येणार नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच. देवाने ज्यूंना टाकून दिलं किंवा शाप दिला असं कोणी शिकवू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. त्यानंतरची साठ वर्षं ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातल्या संवादाची मानली जातात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर पेटलेल्या गाझाच्या युद्धात या संवादाचा कस लागला, आणि तो दोन्हीकडच्या अनेकांना अपुरा वाटला. तरीही तो चालू ठेवावा का, आणि ठेवायचा तर कशाबद्दल, हा या लेखाचा प्रश्न आहे.

खालचं संभाषण मी रचलेलं आहे. त्यातली माणसं म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नाहीत. ती ज्या सार्वजनिक घटनांचा हवाला देतात त्या मात्र घडलेल्या आहेत. सर वसईचे कॅथलिक, ठाण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या, मूळ गाव अलिबागजवळ, आता मुलाकडे इस्रायलमध्ये अश्दोदला असतात. दोघांची मैत्री जुनी आहे, म्हणून दोघंही एकमेकांशी आडपडदा न ठेवता बोलतात.

बाई : सर, इटलीतल्या रब्बींच्या संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे विचारलं होतं, की इतक्या दशकांच्या संवादाचा उपयोग झाला तरी काय? मीही तेच विचारते. सात ऑक्टोबरला शनिवार होता, सिम्हात तोराचा सण. सकाळीच सायरन वाजले आणि आम्ही सुरक्षित खोलीत जाऊन बसलो. पुढे आकडे कळले : सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. त्या आठवड्यात आम्हाला परिषद नको होती, ठरावही नको होता. शेजारी येऊन बसतो ना दुःखाच्या घरी, तेवढंच हवं होतं. पण जी निवेदनं आली, त्यांत आमच्या माणसांना मातीही द्यायच्या आत हिशेब मांडलेला होता.

सर : सगळ्यांना एका मापाने मोजू नका, बाई. जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पित्झाबाला यांनी १६ ऑक्टोबरलाच सांगितलं, की ओलीस मुलांना सोडा, त्यांच्या बदल्यात मला न्या. त्यांना पत्रकारांनी विचारलं आणि त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. ज्यूंच्या लेकरांसाठी स्वतःला देऊ करणारा कार्डिनल मी तरी इतिहासात वाचलेला नाही.

बाई : ते मी विसरलेले नाही. आमच्याकडेही अनेकांनी त्यांचं नाव आदराने घेतलं. पण एक माणूस मोठा निघाला म्हणून संस्था मोठी ठरत नाही. पोप फ्रान्सिस २२ नोव्हेंबरला ओलिसांच्या कुटुंबांना भेटले, त्याच दिवशी पॅलेस्टिनी कुटुंबांनाही भेटले. इथवर ठीक. मग म्हणाले, हे युद्धाच्या पलीकडे गेलं आहे, हा दहशतवाद आहे. घरात घुसून मारणारे आणि त्यांच्याशी लढणारं सैन्य, दोघं एकाच शब्दात बसवले. आम्हाला ते लागलं.

सर : आता माझी बाजू ऐका. १९ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या सेंट पोर्फिरिअस या जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारात हवाई हल्ला झाला. आसऱ्याला आलेली अठरा माणसं त्यात गेली. १६ डिसेंबरला होली फॅमिली या कॅथलिक चर्चच्या आवारात एक आई आणि तिची मुलगी गोळ्या लागून मेल्या. पॅट्रिआर्कच्या कार्यालयाने सांगितलं की इस्रायली सैनिकाने गोळ्या झाडल्या, सैन्याने ते नाकारलं. १७ जुलै २०२५ ला त्याच चर्चवर तोफगोळा पडला, तिघं गेली. गाझात ख्रिस्ती होते किती? युद्धाआधी हजाराच्या आसपास. आणि एकूण मृतांचा आकडा गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे ६०,००० च्या पुढे गेला. त्यात मुलं किती, बायका किती! पोप याबद्दल गप्प बसले असते तर त्यांना पोप कशाला म्हणायचं?

आणि ते नुसते भाषणं करत नव्हते. त्या चर्चमध्ये शेकडो लोक राहत होते. बाकांवर अंथरुणं, वेदीपलीकडे शिधा. पोप रोज संध्याकाळी तिथल्या फादरना फोन करायचे. काय जेवलात, पाणी आलं का, मुलं कशी आहेत, एवढंच विचारायचे. स्वतः न्यूमोनियाने हॉस्पिटलात होते तेव्हाही तिथून फोन केले. शेवटचा फोन मृत्यूच्या दोन दिवस आधी, १९ एप्रिल २०२५ ला केला. यात ज्यूंचा द्वेष कुठे आहे?

बाई : फोनमध्ये नाही. त्या फोनपुढे मीही हात जोडते. पण चर्च जेव्हा आमच्यावर आरोप करतं तेव्हा आम्ही तो फक्त आजच्या आरोपासारखा ऐकू शकत नाही, हे तुम्ही समजून घ्या. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी वाटेत ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये ज्यूंच्या कत्तली केल्या. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ज्यूंना वेगळा पोशाख घालायला लावला. १५५५ मध्ये पोप चौथा पॉल याने रोमच्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं. लूथरने १५४३ मध्ये आमची सिनेगॉग जाळा असं पुस्तकात लिहिलं. जवळजवळ दीड हजार वर्षं दर गुड फ्रायडेला व्यासपीठावरून सांगितलं गेलं की यांनी देवाला मारलं. असं ऐकत वाढलेल्या युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले.

सर : मान्य. पण बाई, ते पाप युरोपचं. वसईच्या माझ्या आजोबांनी कधी ज्यू बघितला नव्हता, त्याचा द्वेष कुठून करणार? आशियातल्या ख्रिस्त्यांनी युरोपच्या पापाचं ओझं का वाहायचं?

बाई : सर, तुम्ही इतिहासाचे शिक्षक. गोवा विसरलात? १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशनचं न्यायपीठ बसलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यातच राहत होता. मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्याचं घराणं सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं, आणि ते चक्क दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात आहे. हळद, आलं, अफू, आंबा, सगळ्यावर मोकळेपणाने बोलणारा हा माणूस स्वतःच्या घराण्याच्या धर्माबद्दल मात्र जाहीरपणे बोलू शकला नाही. १५६८ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. हे आपल्या किनाऱ्यावर घडलं, सर. बोटीने एक-दोन दिवसांच्या अंतरावर आमचे बेने इस्रायली तेली शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद ठेवून शांतपणे जगत होते.

सर : ओर्ताचं मी वर्गात शिकवलंय, त्याच्या बहिणीचं कधी शिकवलं नाही. पाठ्यपुस्तकातच नव्हतं. पण त्याच न्यायपीठाचा अधिकार वसईपर्यंत चालत होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी घरात तुळस ठेवली, लग्नात जुने रिवाज पाळले, तर त्यांनाही तिथे ओढून नेत. त्या कचेरीत सर्वांत जास्त खटले पुढे अशाच हिंदू घराण्यांतून आलेल्या माणसांवर चालले. म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू आणि आमचे पूर्वज एकाच कोर्टाच्या दहशतीखाली होते.

बाई : हो. म्हणून तर म्हणते, हात झटकू नका. तुम्ही त्या इतिहासाच्या दोन्ही बाजूंना आहात.

सर : मग आता दुसरा हिशेबही मांडू या. युरोपने ज्यूंवर अत्याचार केले आणि १९४५ नंतर त्याची टोचणी लागली. ठीक. पण त्याची किंमत कोणी मोजली? १९४८ मध्ये घरं सोडावी लागलेल्या पॅलेस्टिनींनी. त्यांत ख्रिस्तीही होते. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. बेथलेहेम एके काळी ख्रिस्ती बहुसंख्य गाव होतं. आज तिथे ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत आणि गावाच्या कडेने भिंत उभी आहे. तैबे हे वेस्ट बँकेतलं अखेरचं पूर्ण ख्रिस्ती गाव. जुलै २०२५ मध्ये तिथल्या जुन्या सेंट जॉर्ज चर्चच्या अवशेषांजवळ आग लागली, ती वसाहतवाल्यांनी लावली असं तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलं. २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्त्यांनी ‘कैरोस’ हा जाहीरनामा काढला, ऑक्टोबर २०२३ मध्ये पाश्चात्त्य चर्चना खुलं पत्र लिहिलं. त्यातून मला ऐकू येते ती तक्रार साधी आहे : तुम्ही ज्यूंशी संवाद करता तेव्हा आम्ही तुमच्या टेबलावर नसतो. आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या भूमीत फिरून आले, त्यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ लिहिलं, कारण त्यांना दोन्हीकडची माणसं दिसली. जो संवाद पॅलेस्टिनी ख्रिस्त्यांना खोलीबाहेर ठेवतो, तो आपलं मन हलकं करायला ठीक. त्याने कोणाचं भलं होत नाही.

बाई : त्यांना आत बोलवा. माझी हरकत नाही. पण ते आत येताना काय घेऊन येतात तेही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये बेथलेहेमच्या लुथरन चर्चमध्ये बाळ येशू दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवला होता. मुलं गाडली जात होती, त्याचं दुःख मी समजू शकते. पण डिसेंबर २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या सभागृहात गव्हाणीतला येशू केफियेवर, पॅलेस्टिनींच्या चौकड्याच्या रुमालावर, निजवला. गदारोळ झाला आणि मग तो हलवला. येशू यहुदी आईच्या पोटी जन्मला, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, हे तुमचंच शुभवर्तमान सांगतं. त्याचं यहुदीपण पुसून टाकलं की मारणारे कोण उरतात? आम्हीच. म्हणजे साठ वर्षांपूर्वी दारातून बाहेर काढलेला आरोप खिडकीतून परत आत.

आणि हा आरोप माणसं मारतो, सर. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमलेली अकरा माणसं एकाने मारली. त्याने स्वतःची ऑनलाइन ओळख लिहिताना योहानाच्या शुभवर्तमानाचा आधार दिला होता. तेव्हा गाझाचं हे युद्ध नव्हतं.

सर : तिथे मी तुमच्या बरोबर आहे. येशूला त्याच्या लोकांपासून तोडणं ही ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या श्रद्धेशी केलेली गद्दारी आहे. पण मग मला सांगा, गाझात अन्न अडवलं गेलं, इस्पितळं पडली, असं मी म्हटलं तर तुम्ही मला त्या खुन्याच्या रांगेत उभं करणार का?

बाई : नाही. इस्रायलमध्ये शनिवारी रात्री हजारो लोक रस्त्यावर उतरून स्वतःच्या सरकारला जाब विचारत होते, माझा नातू त्यांत होता. सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. पण टीका करताना तुम्ही वधस्तंभ आणता, बायबलमधल्या हेरोद राजाने केलेली निष्पाप बालकांची हत्या आणता, तेव्हा ती सरकारवरची टीका राहत नाही, ती आमच्या धर्मावरची फिर्याद होते. सैन्याने काय केलं ते सैन्याच्या कायद्याने मोजा, माणुसकीच्या कायद्याने मोजा. बायबलने मोजू नका.

सर : हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा. बायबलमधला करारनामा दाखवून जमीन घेऊ नका.

बाई : मी घेत नाही. घेणारे आहेत, हे माहीत आहे मला.

सर : आणि त्यांना पैसा आणि पाठिंबा देणारे आमच्याकडचे आहेत. अमेरिकेतले काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती इस्रायलवर इतकं प्रेम करतात, की बघणाऱ्याला वाटावं हीच खरी मैत्री. पण त्यांतल्या पुष्कळांच्या हिशेबात ज्यूंनी तिथे जमायचं ते जगाच्या अंताची तयारी म्हणून, आणि शेवटी येशूला मानायचं म्हणून. पॅलेस्टिनी ख्रिस्ती त्यांना दिसतच नाहीत.

बाई : असं प्रेम आम्ही कोकणातही बघितलंय. १८१३ ला अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ ला स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. त्यांच्या शाळांतून आमची मुलंमुली लिहिणं-वाचणं शिकली, हिब्रू शिकली. विल्सनसाहेबांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. बायबलचा जुना करार आमच्या पूर्वजांच्या हाती मराठीत आला तो मिशनऱ्यांमुळे. त्यांची इच्छा होती की आम्ही ख्रिस्ती व्हावं. आम्ही शिक्षण घेतलं आणि ज्यूच राहिलो. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी आमच्या प्रार्थना मराठीत आणल्या, हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये आमची स्वतःची शाळा काढली. मिशनऱ्यांचे उपकार खरे आणि त्यांचा डावही खरा, दोन्ही आम्ही ओळखून होतो.

म्हणून मला रब्बी जोसेफ सोलोव्हेचिक यांचं म्हणणं पटतं. त्यांनी १९६४ मध्ये लिहिलं, की श्रद्धेचा गाभा वाटाघाटीला ठेवू नये. गरिबी, न्याय, युद्ध, शिक्षण यांवर खुशाल एकत्र काम करा. पण तू तुझा सिद्धांत थोडा सोड, मी माझा सोडतो, असला सौदा नको. आपण दोघांनी शाळेत तेच केलं. तुम्ही नाताळला कुसवारचा फराळ द्यायचात, मी एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा आणायचे. देवाबद्दल कधी वाद घातला नाही, म्हणून मैत्री टिकली.

सर : मैत्री टिकली, पण दोन समाजांचा प्रश्न सुटला नाही. कारण आग तर धर्माच्याच नावाने लागते. २०१५ मध्ये गालील समुद्राकाठच्या ताबघा इथलं भाकरी-माशांचं चर्च जाळलं, तेव्हा भिंतीवर यहुदी प्रार्थनेतल्याच ओळी लिहिल्या होत्या. जुन्या जेरुसलेमात धर्मगुरू जाताना काही तरुण थुंकतात, ते धर्म समजून थुंकतात. ज्याने धर्म बिघडवलाय त्याच्याशी तुम्ही पाणीपुरवठ्यावर बोलून काय होणार?

बाई : मग त्याच्याशी बोलणार कोण? तुम्ही? तुम्ही बोललात तर तो आणखी थुंकेल. त्याच्याशी रब्बीने बोललं पाहिजे.

सर : अगदी बरोबर. आणि इथेच मला झ्यूल इझाक आठवतात. फ्रान्समधले नावाजलेले इतिहासकार, त्यांची पाठ्यपुस्तकं देशभर चालायची. ज्यू म्हणून नोकरीवरून काढलं. १९४३ मध्ये त्यांची पत्नी, मुलगी, जावई पकडले गेले. ते त्या वेळी घरात नव्हते म्हणून वाचले. पत्नीने छावणीतून चिठ्ठी पाठवली, की हाती घेतलेलं लिखाण पुरं करा. ती आणि मुलगी ऑशविट्झहून परत आल्या नाहीत. इझाक लपतछपतही ‘येशू आणि इस्रायल’ लिहीत राहिले, ते पुरं केलं, आणि १९४८ मध्ये ते छापलं. त्यात त्यांनी शुभवर्तमानं एकेक करून तपासली आणि दाखवलं, की चर्चमध्ये जे शिकवलं जातंय ते पुष्कळदा मूळ ग्रंथातही नाही. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या झेलिसबर्गला ज्यू आणि ख्रिस्ती जमले, तिथे त्यांच्या मांडणीवरूनच दहा मुद्दे निघाले. आणि १३ जून १९६० ला, ब्याऐंशी वर्षांचे असताना, ते पोप तेविसावे जॉन यांना जाऊन भेटले.

आता बघा, बायको-मुलगी गमावलेल्या माणसाने काय मागावं? त्यांनी नुकसानभरपाई मागितली नाही. व्हॅटिकनने इस्रायलला मान्यता द्यावी अशी मागणी त्यांच्या कागदांत नव्हती. त्यांनी कागदांची एक फाइल पुढे ठेवली आणि एवढंच म्हटलं, की तुम्ही मुलांना आमच्याबद्दल जो तिरस्कार शिकवता तो तपासायला एक समिती नेमा. निघताना त्यांनी विचारलं, मी थोडी आशा घेऊन जाऊ का? पोपनी सांगितलं, आशेपेक्षा जास्त मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कार्डिनल बेआंकडे काम गेलं, आणि पाच वर्षांनी ‘नोस्त्रा एताते’ आलं.

बाई : तेही सहज आलं नाही. अरब देशांचा दबाव होता, पूर्वेकडच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांना भीती होती की याचा राग त्यांच्या लोकांवर निघेल. मसुदा बदलला, पातळ केला, त्यात ज्यूंच्या धर्मांतराची आशा घुसली. रब्बी हेशेल यांनी जाहीर सांगितलं, की धर्मांतर की मरण अशी वेळ आली तर मी ऑशविट्झला जाईन. मग ते वाक्य गेलं.

सर : म्हणजे तो मसुदाही संघर्षाच्या सावटाखालीच लिहिला गेला. शांततेची वाट बघत बसले असते तर आजही लिहिला गेला नसता. आणि मुख्य गोष्ट, चर्चने त्यात ज्यूंना कुठलीही अट घातली नाही. तुम्ही अमुक करा मग आम्ही हे काढू, असं नव्हतं. आपल्या घरात कचरा आहे, तो आपण काढला पाहिजे, एवढंच. इझाकांनी बोट दाखवलं, काढला मात्र चर्चने.

बाई : मग मीही माझ्या घराचं बोलते. आम्ही बेने इस्रायली इस्रायलमध्ये गेलो, तर तिथल्या रब्बींनी विचारलं की हे खरे ज्यू आहेत का, यांच्याशी लग्नं लावायची का. १९६४ मध्ये आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे आम्हाला सर्वार्थाने ज्यू मानलं. आपल्यातल्याच माणसाला दाराबाहेर ठेवणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. मग अरब ख्रिस्त्यावर थुंकणारा पोरगा बघून आम्ही कसे गप्प बसणार? ताबघा जळलं तेव्हा अनेक ज्यू तिथे जाऊन उभे राहिले, ज्याने जाळलं त्याला इस्रायली कोर्टाने शिक्षा केली. ते कमी आहे. प्रत्येक येशिवात म्हणजे धर्मपाठशाळेत, प्रत्येक शाळेत सांगायला हवं की ज्याच्या गळ्यात क्रूस आहे तो मूर्तिपूजक नाही, शत्रू नाही. हे काम पित्झाबालांचं नाही. आमचं आहे.

सर : आणि गुड फ्रायडेला दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो तेव्हा आमच्या फादरनी दोन मिनिटं थांबून सांगायला हवं, की ही पहिल्या शतकातल्या एका रोमन सुभेदाराच्या अमलाखालची गोष्ट आहे, तुमच्या ज्यू शेजाऱ्याची नव्हे. धर्मशिक्षणाच्या वर्गात कातारिना द ओर्ताचं नाव यायला हवं. पण बाई, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. घर साफ करायला पिढ्या जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली, त्यानंतरही गाझात माणसं मरतच राहिली. आज मरणाऱ्याला आपल्या पाठ्यपुस्तकाचा काय उपयोग? चर्चने युद्धाबद्दल बोललंच पाहिजे, मोठ्याने बोललं पाहिजे.

बाई : बोला. माझं म्हणणं एवढंच, की माझ्यासमोर बोला. माझ्या पाठीमागे, माझ्याशिवाय, जगाला ऐकवण्यासाठी बोलू नका. पोप फ्रान्सिस यांना चारशेहून जास्त रब्बी आणि अभ्यासकांनी पत्र लिहिलं, तेव्हा त्यांनी २ फेब्रुवारी २०२४ ला ‘इस्रायलमधल्या माझ्या ज्यू बंधुभगिनींना’ म्हणून उत्तर दिलं. ज्यूद्वेष हे देवाविरुद्धचं पाप आहे असं लिहिलं, ओलिसांचं दुःख लिहिलं, युद्धाचं दुःखही लिहिलं. मला सगळं पटलं नाही. पण ते आमच्याकडे तोंड करून लिहिलं होतं. असं पत्र ऑक्टोबरातच यायला हवं होतं.

सर : उशीर झाला, कबूल. पण ते लिहायला शब्द सापडले ते साठ वर्षांच्या संवादामुळेच. १९६० च्या आधीच्या कुठल्या पोपला तसं पत्र लिहिता आलं असतं?

बाई : नसतं आलं. एवढं मी संवादाच्या खात्यावर जमा धरते.

संभाषण इथे थांबवतो. बाईंना अजूनही वाटतं की श्रद्धेवर बोलू नये. सरांना वाटतं, त्यावाचून गत्यंतर नाही. गाझाबद्दल दोघांचं एकमत झालेलं नाही, आणि ते होईल असं मी भासवणार नाही. पण या दोघांच्या बोलण्यातून मला जे पटलं आहे ते स्पष्ट सांगतो.

युद्धाच्या काळात आंतरधर्मीय संवादाकडून लोक एकमताची अपेक्षा ठेवतात, आणि ते झालं नाही की संवाद मेला म्हणतात. हे मापच चुकीचं आहे. झ्यूल इझाक आणि तेविसावे जॉन यांच्या भेटीत इस्रायल-अरब प्रश्न सुटला नव्हता. व्हॅटिकनने इस्रायलशी करार केला तो त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, ३० डिसेंबर १९९३ रोजी. त्या भेटीने एका धर्माला स्वतःची शिकवण तपासायला लावलं, आणि त्या तपासणीतून कोट्यवधी मुलांच्या धर्मशिक्षणातला एक खोटा आरोप गेला. संवादाचं खरं काम हे आहे : समोरच्याचं ऐकून आपल्या घरातला द्वेष ओळखणं, आणि तो आपल्याच हाताने काढणं. दुसऱ्याच्या घरातला द्वेष आपण दाखवू शकतो, काढू शकत नाही. आणि समोरच्याने आधी काढावा अशी अट घातली, तर कोणाच्याच घरातून तो निघत नाही.

हे होऊ शकतं याला पुरावे आहेत. जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मध्ये लात्रुनच्या मठाच्या जमिनीवर नेवे शालोम - वाहत अल-सलाम हे गाव उभं आहे. ज्यू घराण्यात जन्मलेले डोमिनिकन फादर ब्रुनो हुसार यांनी ते वसवलं. ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबं तिथे एकत्र राहतात, मुलं हिब्रू आणि अरबी दोन्हींत शिकतात. तिथेही या युद्धात कडाक्याची भांडणं झाली असतील. शाळा मात्र चालू आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. बेने इस्रायली मराठी बोलतात, वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती आपले आहेत, आणि गोव्याच्या न्यायपीठाचा इतिहास आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गाझाच्या निमित्ताने ज्यूंविषयी किंवा ख्रिस्त्यांविषयी, मुसलमानांविषयी विषारी मजकूर येतो तेव्हा पुढे पाठवायच्या आधी थांबा. तो आपल्या गटातून, आपल्या नातेवाइकाकडून आला असेल, तर उत्तर द्यायची जबाबदारी आपलीच आहे, कारण त्या गटात ते उत्तर द्यायला दुसरं कोणी येणार नाही.